तिसरा सिलिंडर

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
बंद पडलेल्या चादरीच्या कारखान्यात माझं गॅरेज.
फरशीत अजून मागांचे बोल्ट रुतलेत,
आत येणाऱ्या प्रत्येक गाडीचे टायर
आधी त्यांना ओळख देतात.

नायना इथेच जॉबर होते.
चोवीस मागांच्या खडखडाटात
एखाद्याचा धोटा जड चाललाय,
हे त्यांना पाठ फिरवूनही कळायचं.
मला लॅपटॉप लागतो.

संगमेश बिराजदार आला मेच्या पहिल्या आठवड्यात.
पुण्याहून आणलेली टर्बो पेट्रोल, दुसऱ्या हाताची,
नंबर मात्र गुरवाला विचारून घेतलेला.
"लई बसल्यावाणी पळालीय ओ अण्णा.
उठवा की जरा."

रोलर नाही माझ्याकडे. बोरामणीचा पट्टा आहे.
पहाटे साडेचार. हवा तेव्हा कुठे तिशीखाली उतरते
आणि ज्वारी काढलेली रानं
दोन्ही बाजूंनी कान देऊन बसतात.

टर्बो म्हणजे काय, तर
जो धूर जायचाच होता
त्याच्याकडून जाताजाता एक काम करून घेणं.
धूर चक्र फिरवतो, चक्र हवा कोंबतं,
हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त,
म्हणून धूर जास्त, म्हणून चक्र...
कंपनीने तिथे एक झडप ठेवलेली असते,
'पुरे' म्हणणारी.
माझा धंदा, तिला उशिरा बोलायला शिकवण्याचा.

एक बार. एक पॉइंट एक.
संगमेश सीटला चिकटला आणि लहान पोरासारखा हसला.
एक पॉइंट तीनला
तिसऱ्या सिलिंडरच्या रेघेने
पडद्यावर बारीक दात दाखवला.
नॉक.
ज्वाळा पोचायच्या आधीच
कोपऱ्यातल्या हवेने आपलं आपण पेटणं.
चटणीसाठी शेंगदाणे भाजताना
तव्यावर पहिला दाणा तडकतो ना,
तेवढाच आवाज. तेवढाही नाही.

ईसीयूने टायमिंग दोन अंश मागे ओढलं.
भला माणूस.
मी म्हणालो, इथंच थांबू.
दुपारी त्रेचाळीस असतं, इंटरकूलर कंपनीचाच,
पेट्रोल आपल्या नाक्यावरचं.
तो म्हणाला, "अजून जरा की."

आता खरं ते लिहितो.
त्याने म्हणायच्या आधीच
माझं बोट बटणावर होतं.
सबंध वर्ष मी हॅचबॅकांची ऑइलं बदलली होती.
मलाही ऐकायचं होतं.

एक पॉइंट पाच.
कागदावर त्याची सही घेतली:
'पुढील सर्व जबाबदारी गाडीमालकाची.'
खाली तारीख, वर गॅरेजचा शिक्का.

एकोणिसाव्या दिवशी, दुपारी अडीच.
तुळजापूरचा घाट, आत चौघे, एसी फुल्ल,
पाचव्या गिअरमध्ये रेटलेली.
तिसऱ्याचा पिस्टन वितळला, मग रॉड
ब्लॉकची भिंत फोडून रस्ता बघायला बाहेर आला.
आतल्या चौघांना ओरखडाही नाही.
पण साडेचार लिटर गरम ऑइल वळणावर सांडलं
आणि मागून एक मोटारसायकल येत होती.

हुसेनबाशा नदाफ, वय एक्कावन्न,
गाद्या भरून देण्याचं काम.
उजवा खांदा तीन ठिकाणी.
पिंजारी माणसाचा उजवा खांदा.
कागद मी पुन्हा पुन्हा वाचला.
त्याची सही माझ्याकडे नाही.

संगमेशची गाडी ताडपत्रीखाली आहे.
कंपनीचा मूळ नकाशा मी जपून ठेवला होता,
'जुनी' नावाच्या फाइलीत.
तो परत घातला. कशात, विचारू नका.
इंजिन नसलेल्या डब्यात घातला,
हात राहवेना म्हणून.

काल नायना आले. टेबलावरचा पिस्टन उचलला,
भोकातून करंगळी आरपार घातली.
"तुटायच्या आधी आवाज बदलतोय बग.
बदललेला का?"
बदललेला.
"ऐकलेलास?"

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं,
नवीन गिऱ्हाईक, इंजिन चालूच.
नायना काही बोलले नाहीत.
आईने वळलेली बिडी संपत आली होती,
पिस्टन उलटा करून
त्यांनी ती त्यात विझवली.